बिडाला जोड नाही म्हणतात

झोपायचं नाही असं ठरवून मंदाकिनी बसलीय, आणि ठरवून बसलं की डोळ्यांवर हमखास झापड येते, तशी तिच्या येतेय. दुपार कलंडलीय. शेडचा पत्रा उन्हानं मधूनच तडतडतोय, बाहेर अंजिराच्या बागेत होला घुमतोय. तिच्यासमोर आडवं कापलेलं पिंप आहे, पिंपात गच्च भरलेली राख, आणि राखेच्या पोटात एक बिडाची, ओतीव लोखंडाची प्लेट निवत पडलीय. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला पाठ टेकून, पाय पसरून ती बसलीय. मांडीवर फावडं आडवं घेतलंय. राखेला कुणी हात लावायला आलाच, तर त्याला आधी या फावड्याशी बोलावं लागेल.

प्लेट म्हणजे तशी काही मोठी वस्तू नव्हे. हातभर लांब, वीतभर रुंद. बागेत फिरायचा तो छोटा ट्रॅक्टर, त्याच्या मागं फवारणीचा पंप असतो, आणि तो पंप या प्लेटवर बसतो. गेल्या आठवड्यात बोल्टाच्या भोकापासून तिला चीर गेली आणि पंप एका अंगाला लोंबायला लागला. आभाळ भरून येतंय, अंजिराच्या पानांवर तांबेरा ठिपके टाकायला लागलाय. फवारा बसला नाही तर पानं गळणार, आणि उघड्या फांदीवरचं अंजीर कधी भरत नाही.

हा ट्रॅक्टर तिच्या सासऱ्यांचा. भागुजी कामथे. पुरंदरच्या पायथ्याला या माळावर अंजीर आधी त्यांनीच लावलं, आणि बागेपुरता छोटा ट्रॅक्टरही गावात आधी त्यांनीच आणला. सगळे त्यांना अण्णा म्हणत. बाईनं नांगराला हात लावू नये हा जुना दंडक, तो अण्णांनी ट्रॅक्टरलाही लावला. घरातल्या बायका मागच्या ट्रॉलीत बसत, अंजिराच्या पाट्यांबरोबर. मडगार्डवर बसायचा मान पुरुषांचा. मंदाकिनी लग्न होऊन आली तेव्हापासून अण्णा जाईपर्यंत दोघं एका छपराखाली राहिले, पण समोरासमोर बोलणं असं झालं नाही. काही हवं असलं की ते सासूबाईंना म्हणत, “तिला सांग.” सासूबाई गेल्या, मग ते भिंतीकडं बघून म्हणायला लागले, “चहा मिळंल का?” आणि भिंतीनं चहा आणून दिल्यासारखा कप उचलत.

अण्णा गेल्यावर बाग तिच्याच गळ्यात पडली. नवरा सर्जेराव डेअरीचा दुधाचा टेम्पो चालवतो, उजाडायच्या आत जातो, परततो तेव्हा कंबर धरलेली असते. तेव्हा मंदाकिनीनं पन्नाशी ओलांडल्यावर खळ्यावर ट्रॅक्टर शिकून घेतला. कुंपणाचे दोन खांब पाडले, एकदा गोठ्याच्या भिंतीला जाऊन भेटली, पण शिकली. पहिला बहार चांगला निघाला, आणि मग ही प्लेट गेली.

धाकटा दीर विलास पारावर चारचौघांत म्हणाला, अण्णांनी इतकी वर्षं वापरला, ओरखडा नाही. बाई चढली आणि वर्षात मोडला. ते बोलणं ती घरी पोचायच्या आत घरी पोचलं होतं. वर विलासनं ट्रॅक्टर बघायला गिऱ्हाईकही ठरवून टाकलं. उद्या सकाळी येणार. मोडका आहे तोवर जाऊ दे, असं त्याचं म्हणणं. सर्जेराव मोठा असून “बघू” एवढंच म्हणाला. मंदाकिनीनं मात्र बघत बसायचं नाही असं मनाशी ठरवलं.

गावातल्या वेल्डरनं प्लेट हातात घेतली, वाजवली आणि परत दिली. बीड आहे, बिडाला जोड नाही, म्हणाला. नवी प्लेट कुठं मिळेना, मॉडेल जुनं. मग तिनं कोल्हापूरला आपल्या भावाला फोन लावला. तो जन्मभर फौंड्रीत बीड ओतत आलाय. तो म्हणाला, बिडाला जोड असतो, बिडाला घाई चालत नाही. चीर जिथं संपते तिथं बारीक भोक पाड म्हणजे ती पुढं पळायची नाही, चीर घासून मोकळी कर, कोळशावर सगळी प्लेट सावकाश तापव आणि पितळेनं जोड. मग राखेत पूर. आपली आपण निवेपर्यंत काढू नको. मधेच गार वारा लागला तर तुझ्या डोळ्यांदेखत तडकेल.

कोळशाचं पोतं सर्जेरावनं आणून टाकलं. गॅसची नळी घेऊन सासवडच्या रस्त्यावरचे इस्माईलभाई मुलाणी सकाळीच आले. घासायला म्हणून त्यांनी प्लेटवरचा रंग खरवडला आणि हात थांबवला. रंगाखाली जुन्या वेल्डिंगची गाठाळ माळ होती. तीच चीर, त्याच जागी. कुणीतरी फार पूर्वी कशीबशी चिकटवून वरून रंग मारला होता. “वहिनी, हे आत्ताचं नाही,” इस्माईलभाई म्हणाले. “विलासभाऊंना बोलावू का दाखवायला?” ट्रॅक्टरला अण्णांशिवाय कुणाचा हात लागला नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. मंदाकिनी थोडा वेळ त्या माळेकडं बघत राहिली. मग म्हणाली, “घासा.”

जोड झाला. प्लेट राखेत गेली. जाताना इस्माईलभाई बजावून गेले की धरला तर तुमचं नशीब, तडकला तर माझं नाव घेऊ नका. तेव्हापासून ती बसलीय, आणि आता होल्याचं घुमणं लांब जातंय, जवळ येतंय, आणि पिंपातली राख अगदी हळू, झोपलेल्या जनावराच्या पोटासारखी वर-खाली होतेय.

अण्णा पिंपापाशी उकिडवे बसलेत.

ते कधी आले ते तिला कळत नाही, आणि त्याचं नवलही वाटत नाही. धोतर, बंडी, डोक्याला सैल बांधलेला पटका. गेले तेव्हाच्यापेक्षा तब्येत बरी वाटतेय. ते राखेकडं बघतायत आणि भिंतीला म्हणतायत, “तिला सांग, ती प्लेट काढून दे.”

शेडला भिंत नाही. तिथं सासूबाईंचं स्वयंपाकघर आहे, धुरानं काळं झालेलं, आणि मंदाकिनी दाराआड उभी आहे. डोक्यावरून पदर, हातात भाकरीची टोपली. अण्णा पाटावर जेवायला बसलेत. समोर ताट नाही, राखेचं पिंप आहे. चुलीपुढं कुणीच बसलेलं नाही. निरोप द्यायलाही कुणी नाही, घ्यायलाही नाही.

“तिला सांग,” अण्णा पुन्हा म्हणतात.

“तिला काय सांगायचं,” मंदाकिनी म्हणते. “ती हितंच हाय.”

आपला आवाज तिला अनोळखी वाटत नाही. इतकी वर्षं तो या दाराआड उभा राहून राहून पाय अवघडलेल्या माणसासारखा बाहेर येतो आणि चौकात ऐसपैस बसतो. ती टोपली खाली ठेवते. अण्णा मान वळवतात. त्यांनी तिच्या तोंडाकडं असं सरळ कधी बघितलेलं नाही, त्यामुळं कुठं बघावं ते त्यांना उमगत नाही. कधी कपाळाकडं बघतात, कधी कानाकडं.

“प्लेट दे,” ते म्हणतात.

मेलेल्या माणसानं स्वप्नात येऊन काही मागितलं तर देऊ नये, असं तिची आई सांगायची. दिलं की घरातलं कुणीतरी मागं मागं जातं. पण मंदाकिनीला आईची आठवण व्हायच्या आधीच राग येतो. ती पिंप आणि अण्णा यांच्या मधे जाऊन उभी राहते.

“न्हाई मिळायची.”

“माझी हाय ती.”

“होती, मामंजी. चीर बी तुमचीच होती.”

स्वयंपाकघरात आता अंजिराच्या पाट्या रचलेल्या आहेत. मार्केट यार्डातला हमाल त्या उचलून नेतोय. हमालाला तोंड आहे, पण ते कुणाचं ते आठवत नाही. तराजूच्या एका पारड्यात ट्रॅक्टर आहे. दुसऱ्या पारड्यात पारावरची माणसं दाटीवाटीनं बसलीत, पाय खाली सोडून. पारडं कुणाचंच खाली जात नाही. विलास त्यांच्यात आहे आणि काहीतरी बोलतोय, पण त्याच्या तोंडातून होल्याचं घुमणं तेवढं ऐकू येतंय.

“त्याला दावलंस?” अण्णा हळू विचारतात. “माझं वेल्डिंग.”

“न्हाई.”

“मग कुणाला?”

“कुणालाच न्हाई. घासून टाकलं.”

“का?” ते विचारतात. आवाजात हुकूम नाही. खरंच कळत नाहीये म्हणून विचारल्यासारखं. “दावलं असतंस तर तुझ्यावरचं किटाळ गेलं असतं.”

“मला साक्षीदार लागत न्हाई,” मंदाकिनी म्हणते. “उद्या ट्रॅक्टर बागंत फिरंल. ज्याला बघायचं त्यानं तो बघावा.”

अण्णा पटका काढतात, गुडघ्यावर ठेवतात. त्यांचं टक्कल ती आयुष्यात पहिल्यांदा बघतेय. लहान मुलाच्या टाळूसारखं ते मऊ दिसतंय, आणि तिला वाटतं, या डोक्याला घाबरून आपण किती भाकऱ्या करपवल्या. अण्णा राखेजवळ हात नेतात. एवढी काढ तरी, म्हणतात, बघू दे धरलंय का. निवलीच असंल आता. ते म्हणतात, पाणी मारलं की झटक्यात गार होतं, मी तसंच करायचो. ती सांगते, तसंच करायचात म्हणून तसंच तुटलं. ती फावडं आडवं धरते. अण्णा फावड्याकडं बघतात, मग तिच्याकडं बघतात, आणि या वेळी नेमकं तिच्या डोळ्यांत बघतात.

हात मागं घेऊन ते खाली बसतात. मांडी घालतात. आणि दोघं प्लेट निवायची वाट बघत बसून राहतात. या माणसाला दूध तापायची वाट बघता यायची नाही. कोंबडं आरवलं नाही म्हणून कोंबड्याला शिव्या द्यायचा. तो आता गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत बसल्यासारखा बसलाय. मंदाकिनीला त्यांची दया येत नाही. मात्र त्यांच्याशेजारी बसणं जड जात नाही, हेही तिला कळतं.

“मला सोडतीस का?” अण्णा विचारतात.

ट्रॅक्टर चालू आहे. ती स्टिअरिंगवर आहे, अण्णा डाव्या मडगार्डवर, एक हात कडेला घट्ट. मागं ट्रॉली नाही, पंप नाही, काहीच नाही. दोन्ही बाजूंनी अंजिराची झाडं मागं पळतायत. पानं एवढी मोठी झालीत की एकेका पानाखाली एकेक घर उभं आहे, आणि घराघरांतून बायका बाहेर येऊन बघतायत. तिची सासू त्यांच्यात आहे. सासूनं डोक्यावरचा पदर खांद्यावर टाकलाय आणि ती काहीतरी खातेय, निवांत. सरी संपते तिथं लग्नाचा मांडव आहे, मंदाकिनीचाच. ट्रॅक्टर अक्षतांतून जातो. तांदळाचे दाणे तापलेल्या बॉनेटवर पडून लाह्यांसारखे फुटतात. अण्णा हसतायत. त्यांचे दात तिनं कधी मोजले नव्हते. पुढचे वरचे तर नाहीतच.

“क्लच सोडताना पाय हलका ठेव,” ते म्हणतात.

“ठेवलाय.”

“व्हय. ठेवलायस.”

पुढं कऱ्हा नदी लागते. अण्णांना जिथं अग्नी दिला तीच उतरण, पण पात्रात पाणी काठोकाठ, आणि पाण्यापलीकडं धुकं. चाकं ओल्या वाळूवर येतात. मंदाकिनी ब्रेक दाबते.

“पलीकडं घे,” अण्णा म्हणतात. “लई माळ पडलाय तिकडं. काळा, निचऱ्याचा. अंजीर असं यील तिकडं.” ते बोलत राहतात आणि त्यांचा आवाज गोड होत जातो. लावायचं कुणी, राखायचं कुणी, तिकडं माणूसच नाही कामाचं. विलासचा उपयोग नाही, सर्जेरावची कंबर ही अशी. मी सगळ्यांचा विचार केला, म्हणतात. “तू चल. तू चालवशील ट्रॅक्टर. मला तिकडं चालवता यीना झालाय.”

इंजिन थरथरतंय. पाणी पुढच्या चाकांना हळूच चाटून मागं जातंय. मंदाकिनी घाबरलीय. पण त्या भीतीच्या वर तिला एक वेगळीच गोष्ट जाणवतेय. आयुष्यभर जे ऐकायची आस होती ते हेच होतं, आणि ते ऐकायला मिळालं तेही इथं, पाण्याच्या काठावर. तेवढ्यासाठी पाण्यात उतरायला ती तयार नाही.

ती गिअर न्यूट्रलला आणते.

“माझी फवारणी राहिलीय,” ती म्हणते. “तुम्ही हितं उतरा, मामंजी.”

“मी सांगतोय.”

“ऐकलं. उतरा.”

धुक्यातून कोंबडं आरवल्यासारखं होतं आणि थांबतं. ती अण्णांकडं बघत नाही, समोरही बघत नाही, स्टिअरिंगवरच्या आपल्या हातांकडं बघते. त्या हातांना कोळसा लागलाय, नखांत राख आहे. हे हात कुणी दिलेले नाहीत आणि कुणी मागितले तर ती देणार नाही, एवढंच तिला कळतं.

मडगार्ड हलकं होतं. अण्णा वाळूत उभे आहेत, पटका परत डोक्याला गुंडाळतायत. त्यांना राग आलाय की त्यांचा गेलाय हे ओळखायची तिला सवय नाही. ते पाण्यात दोन पावलं जातात, थांबतात, आणि भिंतीकडं न बघता, कुणाला निरोप न सांगता तिलाच म्हणतात, “रिव्हर्स घेताना मागं बघ. वाळू हाय.”

ती मागं बघते. मागं बागच आहे, पण पानांवर तांबेऱ्याचे ठिपके वाढत चाललेत, आणि पत्रा तडतडतोय, आणि होला

घुमतोय. मंदाकिनीची मान आखडलीय. फावडं मांडीवरून घरंगळून बाजूला पडलंय. ऊन शेडच्या दुसऱ्या अंगाला गेलंय आणि पिंपाची सावली लांब झालीय. ती क्षणभर तशीच बसून राहते, मग गुडघ्यावर हात टेकून उठते आणि राखेत कोपरापर्यंत हात घालते. राख थंड आहे. तळाशी प्लेटही थंड, विहिरीच्या कठड्याच्या दगडासारखी.

ती प्लेट उजेडात आणते. काळ्या बिडात पितळेची पिवळी रेघ, बोटभर रुंद, कुठं फट नाही. बोल्टाच्या भोकात दोन बोटं अडकवून ती प्लेट लटकती धरते आणि पान्यानं टोला देते. चिरलेलं लोखंड ठप्प बोलतं. हे देवळातल्या लहान घंटेसारखं बोलतं आणि बोलत राहतं. आवाज विरेपर्यंत मंदाकिनी पाना धरून उभी राहते. मग खाली बसते आणि बोल्ट आवळायला लागते.

सर्जेराव येतो तेव्हा पंप जागेवर बसलाय आणि ती नळ्या जोडतेय. तो कंबर धरून वाकतो, जोड बघतो, अंगठ्यानं चाचपतो. त्याचा अंगठा पुन्हा त्या पितळी रेघेवरून फिरतो. मग विचारतो, चालू करून बघितलास का. ती म्हणते, आता बघते. विलासला काय सांगू, तो विचारतो, उद्या ते गिऱ्हाईक येईल. ती म्हणते, येऊ दे की, चहा करीन, बागेतल्या वळणावर भेटेल मला तो.

सर्जेराव ट्रॅक्टरला वळसा घालून पुढं येतो आणि डाव्या बाजूला थबकतो.

“हितं कोण बसलं होतं?”

ती नळीवरून मान वर करते. ट्रॅक्टर आठवडाभर उभा होता. बॉनेटवर, सीटवर, टायरवर माळाची तांबडी धूळ सारखी बसलीय. डाव्या मडगार्डवर मात्र एका माणसाच्या बैठकीएवढी जागा स्वच्छ पुसलेली आहे. कडेला धुळीत चार बोटं उमटलीत, घट्ट धरल्यासारखी.

मंदाकिनी ते बघते. हात जोडत नाही, पुसतही नाही.

“तुमचे अण्णा,” ती म्हणते. “न्यायला आलते.”

सर्जेराव तिच्याकडं बघत राहतो. त्याच्या तोंडावर हसू यायला बघतं आणि येत नाही. “मग?” तो विचारतो.

“म्हणलं, फवारणी राहिलीय.”

ती पदर कमरेला खोचते, ती जागा तशीच राहू देऊन उजव्या बाजूनं वर चढते आणि किल्ली फिरवते.